तीन पिढ्या आणि एक जहाज: १३ जणांनी भूमध्य समुद्रातली क्रूझ कशी आखावी

आमच्या क्रूझचा मार्ग ठरला तो सासूबाईंच्या गुडघ्यांवरून. घरात सगळ्यांना सँटोरिनी हवं होतं. पण तिथे मोठं जहाज धक्क्याला लागत नाही. ते खोल पाण्यात थांबतं, छोट्या बोटीत उतरून किनारा गाठायचा आणि वर गावात जायला केबल कारची रांग धरायची, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या चढायच्या. आईंना सोसायटीच्या जिन्याच्या दहा पायऱ्यासुद्धा कठड्याला धरून चढाव्या लागतात. मग आम्ही यादी उलटी केली. आधी आई काय करू शकतील ते लिहिलं आणि त्यात बसणारी बंदरं शोधली. मोठं कुटुंब घेऊन निघणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसावरून मार्ग ठरवा. बाकीच्यांचं काही अडत नाही, ते कुठेही रमतात.

आम्ही १३ जण होतो. अप्पा ८२, आई ७८, आत्या ७१. मी, नवरा, १६ वर्षांची मुलगी आणि ९ वर्षांचा मुलगा. दीर, जाऊ आणि त्यांची ४ वर्षांची चिमुरडी. मँचेस्टरहून येणारी नणंद, तिचे यजमान आणि १९ वर्षांचा भाचा. इतक्या वयांना एका सहलीत बांधायचं तर क्रूझसारखी सोय नाही. सामान एकदाच सोडायचं, रोज हॉटेल बदलायचं नाही, आणि ज्याला थकवा येईल त्याची खोली पाच मिनिटांवर.

मार्ग आणि महिना

क्रूझच्या जाहिरातीत 'रोम' आणि 'फ्लॉरेन्स' लिहिलेलं असतं, पण जहाज रोमला जात नाही. ते चिवितावेक्कियाला लागतं आणि तिथून रोम ७० किलोमीटरहून जास्त दूर आहे. फ्लॉरेन्सचं बंदर लिव्होर्नो, तिथून साधारण ९० किलोमीटर. व्हेनिसच्या मध्यातून तर मोठ्या जहाजांना ऑगस्ट २०२१पासून बंदीच आहे, त्यामुळे 'व्हेनिसहून सुटणारी' बरीच जहाजं मार्घेरा, राव्हेना किंवा त्रिएस्तेहून सुटतात. म्हणून प्रत्येक बंदरासमोर तीन गोष्टी लिहून काढा: जहाज थेट धक्क्याला लागतं की छोट्या बोटीने उतरायचं, बंदरापासून बघायचं ठिकाण किती लांब, आणि जहाज तिथे किती तास थांबतं. छोट्या बोटीने उतरायच्या बंदरावर लाटा असतील तर व्हीलचेअरवाल्यांना उतरू देत नाहीत, हे आधीच गृहीत धरा.

आम्ही पश्चिम भूमध्य समुद्रातली सात रात्रींची फेरी घेतली: बार्सिलोना, मार्सेय, जिनोआ, चिवितावेक्किया, पालेर्मो, माल्टाचं व्हॅलेटा, मग एक पूर्ण दिवस समुद्रात आणि परत बार्सिलोना. सगळीकडे जहाज धक्क्याला लागतं. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा हे चारही देश शेंगेन या युरोपीय देशांच्या गटात आहेत, त्यामुळे एका व्हिसात काम होतं. तुर्कस्तान, मॉन्टेनेग्रो किंवा ट्युनिशियाला शिवणारा मार्ग घेतलात तर तुम्ही शेंगेनमधून बाहेर पडून पुन्हा आत येता. तेव्हा अनेक प्रवेशांचा व्हिसा लागतो आणि त्या देशाचे नियम वेगळे बघावे लागतात.

महिन्याचं म्हणाल तर शाळेच्या सुट्ट्यांमुळे आपल्याला मे सोयीचा, आणि सुदैवाने तिथेही मे चांगला. हवा सुखद असते, पाणी मात्र गार. जुलै-ऑगस्टमध्ये युरोपची सुट्टी असते आणि रोममध्ये पारा ३५च्या पुढे जातो. ज्येष्ठांना त्या उन्हात दगडी रस्त्यांवरून चालवू नये. दिवाळीची सुट्टी ऑक्टोबरच्या मध्यात आली तर उत्तम, समुद्र अजून कोमट असतो. नोव्हेंबरमध्ये सरकली तर पाऊस आणि लाटांची तयारी ठेवा.

केबिन कशा वाटाव्यात

नऊ ते बारा महिने आधी बुकिंग करा. तीन-चार जणांच्या आणि आतून दार असलेल्या जोडकेबिन जहाजावर मोजक्याच असतात आणि त्या सगळ्यात आधी संपतात. केबिनचा नंबर कंपनी नंतर देईल अशी स्वस्त योजना मोठ्या कुटुंबाने घेऊ नये. त्यात आजी-आजोबा पाचव्या डेकवर आणि नातवंडं चौदाव्यावर अशी पांगापांग होते.

ज्येष्ठांची केबिन जहाजाच्या मध्यभागी, मधल्या किंवा खालच्या डेकवर घ्यावी, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. लिफ्टपासून चार-पाच दारांवर असावी, अगदी लिफ्टला चिकटून नको. डेकचा नकाशा उघडून वरच्या आणि खालच्या मजल्यावर काय आहे ते बघा. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढल्याचे आवाज येतात, खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील ती जागा शांत. व्हीलचेअरसाठी रुंद दाराच्या खास केबिन असतात, पण फार थोड्या. साध्या केबिनचं दार अरुंद असतं, त्यामुळे खुर्ची घडीची हवी.

बाल्कनी सगळ्यांना नको. आम्ही सहा केबिन घेतल्या. आई-अप्पांना बाल्कनी दिली, कारण ज्या दिवशी त्यांना उतरावंसं वाटणार नाही त्या दिवशी बंदर त्यांच्या खुर्चीसमोर असेल. दिवसातले सहा तास झोपायलाच जी खोली वापरायची, तिला खिडकी कशाला, असं म्हणून भाचा आणि माझा मुलगा आतल्या बिनखिडकीच्या केबिनमध्ये राहिले. आत्या आणि माझी मुलगी एका खोलीत होत्या, ती जोडी आठवडाभर फार छान जमली. लहान मुलांच्या प्रत्येक केबिनमध्ये कागदोपत्री एक मोठं माणूस असावं असा बहुतेक कंपन्यांचा नियम आहे आणि त्या मोठ्या माणसाचं किमान वय कुठे १८, कुठे २१ असतं. ते बुकिंगच्या वेळी विचारून घ्या.

सगळी बुकिंग एकमेकांना जोडून घ्या आणि जेवणाची वेळ पहिली मागा. युरोपीय प्रवाशांची जहाजं उशिरा जेवतात. दुसरी पंगत नऊ-साडेनऊला बसते आणि तोवर चार वर्षांचं मूल झोपलेलं असतं. १३ जणांचं एक टेबल मिळत नाही, शेजारची दोन मागायची. आठ किंवा जास्त केबिन असतील तर बऱ्याच कंपन्या तो गट म्हणून धरतात, मग काही सवलत मिळते का ते विचारावं.

तान्हं बाळ आणि गर्भवती यांचे नियम कडक आहेत. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांखालच्या बाळाला घेत नाहीत, आणि प्रवास संपेपर्यंत २४ आठवडे पूर्ण होणार असतील तर गर्भवतीला चढू देत नाहीत.

व्हिसा

शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. क्रूझचे उरलेले पैसे साधारण ६० ते ९० दिवस आधी भरायचे असतात आणि त्यानंतर रद्द केलं तर मोठी रक्कम जाते. या दोन तारखा कॅलेंडरवर शेजारी मांडा. व्हिसा हातात येईल आणि मगच शेवटचा हप्ता जाईल, असा अर्ज करा. मेच्या प्रवासासाठी जानेवारीत अपॉइंटमेंट घ्या, मार्च-एप्रिलमध्ये १० जणांना एका दिवशी वेळ मिळणं कठीण जातं.

ज्या देशात सर्वांत जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथून पहिला प्रवेश, तिथे. आमच्या फेरीत इटलीची तीन बंदरं होती, पण क्रूझच्या आधी दोन रात्री आणि नंतर एक रात्र बार्सिलोनात होती. त्यामुळे दिवस मोजले की स्पेन पुढे गेलं. ही मोजणी अर्जासोबतच्या पत्रात तक्ता करून लिहा. त्याच पत्रात १३ जणांची यादी, वय, नातं आणि कोणाचा खर्च कोण करणार हे द्या, आणि प्रत्येकाच्या अर्जाला ते सारखंच जोडा. नणंदेकडे भारतीय पासपोर्ट असले तरी त्या तिघांनी अर्ज ब्रिटनमधून केला, कारण जिथे कायदेशीर वास्तव्य तिथूनच अर्ज करायचा असतो.

फी १२ वर्षांपुढच्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. आम्हा भारतातल्या १० जणांचे ७६५ युरो झाले, व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर किमान तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला हवा. विमा किमान ३०,००० युरोचा. मूल एका पालकाबरोबर किंवा फक्त आजी-आजोबांबरोबर जात असेल तर सोबत नसलेल्या पालकांचं संमतिपत्र लागतं.

एक बारीक गोष्ट घरोघरी अडते: नावं. क्रूझ, विमान आणि विमा, तिन्हीकडे नाव पासपोर्टवर आहे तसंच अक्षर न् अक्षर हवं. आत्यांच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा होता आणि तिन्ही नावं एका ओळीत होती. त्या दुरुस्तीला आमचे दोन आठवडे गेले.

पैशांचा हिशेब

क्रूझचं भाडं म्हणजे पूर्ण खर्च नाही. त्यावर बंदरकर, रोजचं सेवाशुल्क, इंटरनेट, पेयं आणि किनाऱ्यावरच्या सहली येतात. सेवाशुल्क माणशी दिवसाला साधारण १२ ते २० युरो किंवा डॉलर असतं. १५ धरले तर १३ जणांचे सात रात्रींचे १३६५ झाले. हा आकडा घरात आधीच सांगून ठेवला की शेवटच्या दिवशी बिल बघून कोणी दचकत नाही. मुलांना ते कमी असतं.

पेयांचं पॅकेज घेताना थांबून विचार करा. एका केबिनमधल्या एका प्रौढाने घेतलं तर दुसऱ्यानेही घ्यायलाच हवं, असा नियम बऱ्याच ठिकाणी आहे. युरोपीय कंपन्यांच्या बऱ्याच जहाजांवर जेवणाच्या हॉलमध्ये पाणीसुद्धा बाटलीतलं, विकतचं असतं. बुफेत मात्र पाण्याची मशीन फुकट. आम्ही जेवायला जाण्याआधी अप्पांची बाटली तिथेच भरून घ्यायचो.

जहाजाच्या खात्याला क्रेडिट कार्ड जोडा. डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड जोडलं तर त्यावर रोज रक्कम अडकवून ठेवली जाते आणि ती सुटायला बरेच दिवस लागतात. बुकिंगचे पैसे भरताना टीसीएस, म्हणजे आगाऊ वसूल होणारा कर, कापला जातो, तो ज्याचा पॅन त्याच्या आयकर रिटर्नमध्ये वळता होतो. तीन भावंडांनी खर्च वाटून घ्यायचा असेल तर आपापल्या पॅनवर आपापल्या केबिनचे पैसे भरावेत, म्हणजे नंतर आपसात हिशेब उरत नाही.

बॅगेत काय घ्यावं, काय नको

मे म्हणजे हापूस, आणि नणंदेसाठी पेटी न्यायची हौस कोणाला नसते. पण युरोपीय संघात आंबा प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाही. दुधाचे पदार्थही चालत नाहीत: पेढे, बर्फी, श्रीखंड, पनीर, तूप सगळं घरी ठेवा. बाळाच्या दुधाच्या पावडरीला सूट आहे. चिवडा, बाकरवडी, खाकरे, शेंगदाण्याची चटणी, साखरेतली आलेपाक वडी हे सीलबंद पाकिटांत न्या. घरी शिजवलेलं अन्न जहाजावर आणू देत नाहीत.

इस्त्री, किटली, इंडक्शन, एक्स्टेन्शन बोर्ड ही यादी चढतानाच्या तपासणीत काढून घेतली जाते. मेणबत्ती आणि उदबत्तीही. आईंची रोजची पूजा असते, निरांजन लावता येणार नाही हे त्यांना निघण्याच्या आधीच सांगितलं. त्यांनी बाल्कनीसमोरच्या टेबलावर देवांचा लहान फोटो ठेवला आणि सकाळी त्याच्यासमोर बसून अथर्वशीर्ष म्हटलं. वाट बघायला लावून ऐनवेळी नाही म्हणण्यापेक्षा हे बरं झालं.

सोबत घ्यायलाच हव्यात अशा गोष्टी कमी आहेत, पण त्या तिथे मिळत नाहीत. केबिनच्या भिंती आणि दारं पोलादी असतात, म्हणून चुंबकाचे हूक घ्या: टोप्या, पिशव्या, आईंचा रुमाल सगळं त्यावर टांगता येतं. चार-पाच यूएसबी तोंडांचा चार्जर आणि दोन गोल पिनांचा प्लग घ्या. बाथरूममध्ये जेट स्प्रे नसतो, तेव्हा हलका प्लास्टिकचा मग किंवा हाताने दाबायची बाटली घ्या. आणि बॅटरीवर चालणारा छोटा रात्रीचा दिवा.

हा दिवा का, ते सांगते. जहाजावरच्या बाथरूमला उंबरा असतो, चांगला चार बोटं उंच, आतलं पाणी खोलीत येऊ नये म्हणून. पहिल्या रात्री दोन वाजता अप्पा उठले आणि त्यांचा पाय त्याला अडखळला. दाराची चौकट हाताला आली म्हणून सावरले. दुसऱ्या दिवशी मी त्या उंबऱ्यावर लाल चिकटपट्टी लावली आणि दिवा खाली, पायाच्या उंचीवर ठेवला. ज्येष्ठांच्या खोलीत हे पहिल्याच संध्याकाळी करा. शॉवरची जागा अरुंद असते, आधाराची दांडी आहे का तेही तेव्हाच बघून घ्या.

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, आणि चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या. धक्क्यावर हमालांकडे दिलेली बॅग केबिनच्या दाराशी यायला संध्याकाळ होते. आमची एक औषधांची पिशवी चुकून त्यांच्याकडे गेली आणि अप्पांची रक्तदाबाची दुपारची गोळी साडेसातला मिळाली. इन्सुलिन असेल तर केबिनमधला छोटा फ्रिज पुरेसा थंड होतो का ते विचारा, बरेचदा होत नाही, आणि मग दवाखान्यात ठेवायची सोय मागा.

विम्याबद्दल दोन प्रश्न एजंटला नक्की विचारा: आधीपासूनचे आजार धरले आहेत का, आणि समुद्रातून रुग्ण हलवावा लागला तर तो खर्च मिळतो का. जहाजावर दवाखाना आणि डॉक्टर असतात, पण तपासणीचं बिल तुमच्या खात्यावर येतं आणि ते मोठं असतं. समुद्र लागण्याची भीती असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी घेऊन ठेवा. मार्सेयच्या बाजूला मिस्त्राल वारा सुटला की मोठं जहाजही डुलतं. आत्यांना एक रात्र त्रास झाला, आलेपाक आणि सुकी बिस्किटं यावर ती निभावली. आणि मुलांना सांगा, जेवायच्या आधी हात साबणानेच धुवायचे. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर नुसतं सॅनिटायझर पुरत नाही.

पोहोचणं आणि पहिला दिवस

ज्या दिवशी जहाज सुटणार त्या दिवशी विमान उतरवू नका. जहाज थांबत नाही. एक रात्र आधी पोहोचणं ही किमान गोष्ट, ज्येष्ठ असतील तर दोन. विमानात व्हीलचेअर तिकिटाच्या वेळीच नोंदवा, 'आम्ही चालू' म्हणणाऱ्या अप्पांसाठीसुद्धा. ऑक्टोबर २०२५पासून शेंगेनच्या सीमेवर शिक्क्याऐवजी बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे. त्यामुळे पहिल्या प्रवेशाला रांग लांबते, आणि युरोपात विमान बदलणार असाल तर मध्ये भरपूर वेळ ठेवा.

जहाजावर चढल्यावर पहिलं काम बुफे नाही, सुरक्षेची कवायत. प्रत्येकाच्या कार्डावर जमायच्या जागेचं अक्षर असतं. २०१२मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डियाचा अपघात झाल्यानंतर जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर ही कवायत घेणं बंधनकारक झालं. लहान मुलांना त्या जागेचा हातपट्टा मिळतो, आणि ज्यांना जिना उतरता येत नाही त्यांचं नाव स्वागतकक्षात नोंदवता येतं. आईंचं नाव आम्ही नोंदवलं. लहानग्या पुतणीसाठी तिच्या मापाचं जीवरक्षक जाकीट मागून घेतलं.

त्याच दुपारी दोन गोष्टी ठरवा. एक, भेटण्याची जागा आणि वेळ. समुद्रात फोन विमान-मोडवर ठेवायचा, नाहीतर जहाजाच्या उपग्रहाच्या नेटवर्कला जोडून भरमसाट बिल येतं. प्रत्येकाला इंटरनेट घेण्याऐवजी आम्ही आई-अप्पांच्या दारावर चुंबकाने एक कागद लावला. कोण कुठे चाललंय ते त्यावर लिहायचं. संध्याकाळी सात वाजता सगळे त्या दारापाशी. दिवसभर कोणीही कुठेही असो, रात्रीचं जेवण मात्र १३ जणांचं एकत्र, हा एकच नियम होता आणि तो एकदाही मोडला नाही. मुलांचे क्लब बहुधा तीन वर्षांपुढच्यांना फुकट असतात, डायपर सुटलेला असावा लागतो. मोठ्या मुलांचा वेगळा असतो.

दुसरी गोष्ट, हेड वेटरला भेटणं. शाकाहारी, कांदा-लसूण नको, मधुमेह, जे असेल ते कंपनीला महिनाभर आधी कळवलेलं असलं तरी पहिल्या रात्री समक्ष सांगा. डाळ-भात आदल्या दिवशी सांगितला की बऱ्याच जहाजांवर करून देतात. आणि आपला माणूस शोधा, तो हमखास असतो. जहाजावर काम करायला जाण्याची गोव्याची परंपरा जुनी आहे, कोकणीत अशा माणसाला तारवटी म्हणतात. आमच्या टेबलापासून दोन टेबलं पलीकडचा वेटर साळसेतचा होता. आईंनी त्याला मराठीत विचारलं, "घरी कधी जाणार रे?" तो कोकणीत उत्तरला, "आजी, गणपतीक ना, नाताळाक." त्या रात्रीपासून आईंच्या भाताबरोबर न मागता लिंबाची फोड यायची.

बंदरावरचे दिवस

एका बंदराला एकच ठिकाण. जास्त ठरवलं की ज्येष्ठ दमतात आणि मुलं कुरकुरतात. सकाळी पहिल्या लोंढ्यात उतरू नका, तासाभराने लिफ्ट रिकाम्या असतात.

मार्सेयला जहाज शहरापासून लांब लागतं, जहाजाची पैसे देऊन मिळणारी बस घ्या. जुन्या बंदरावरून पर्यटकांची छोटी रस्त्यावरची आगगाडी नोत्र दाम द ला गार्द चर्चच्या टेकडीवर नेते. आईंनी चढ न चढता सगळं शहर बघितलं. जिनोआत मत्स्यालय धक्क्यापासून चालत वीसेक मिनिटांवर आहे, मुलांचा अख्खा दिवस तिथे जातो. ज्येष्ठांना टॅक्सीने नेऊन कास्तेलेत्तोची लिफ्ट दाखवा, वर गच्चीवरून बंदर आणि जुन्या गावाची छपरं दिसतात.

रोमच्या दिवशी आम्ही तीन तुकड्या केल्या आणि ही युक्ती सगळ्यात चांगली ठरली. आई, आत्या, नणंद, तिचे यजमान आणि मी चालकासह आधी ठरवलेल्या गाडीने गेलो. आईंना सेंट पीटर चर्च बघायचंच होतं. इटलीत अशा गाडीत आठ प्रवासी बसतात, मोठ्या कुटुंबाला दोन लागतात. लहान मुलांसाठी खास आसन हवं असेल तर ते आधी सांगा. नवरा, दीर आणि तिघं मोठी मुलं रेल्वेने गेली. अप्पा, जाऊ आणि चिमुरडी जहाजावरच राहिले. त्या दिवशी जवळजवळ सगळं जहाज उतरलेलं असतं: तलाव मोकळा, बुफेला रांग नाही. अप्पांना तोच दिवस सगळ्यात आवडला.

स्वतःच्या जबाबदारीने गेलात तर जहाजावर परतण्याच्या वेळेच्या दोन तास आधी बंदरात या. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं, तुमच्या टॅक्सीसाठी थांबत नाही. इटलीत रेल्वेचे संप होतात, आदल्या दिवशी चौकशी करा. आणि घड्याळ जहाजाचं धरा. पूर्वेकडच्या मार्गावर ग्रीसची वेळ इटलीच्या एक तास पुढे असते आणि फोन आपोआप बदलतो, जहाज बदलेलच असं नाही.

आता खाण्याचं, कारण या मार्गावर शाकाहारी माणसाला एक गोड धक्का बसतो. सगळीकडे बेसन आहे. मार्सेयमध्ये पानिस म्हणजे बेसन शिजवून, थापून, तळलेल्या वड्या. जिनोआत फारिनाता, म्हणजे बेसन, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ यांचं भट्टीत भाजलेलं जाडसर धिरडं. पालेर्मोत पानेल्ले, बेसनाचे तळलेले चौकोन, पावात घालून लिंबू पिळून देतात. पालेर्मोचं बंदर शहराला लागूनच आहे, थोडं चाललं की बाजार. तिथे विक्रेत्याने कढईतून काढलेला गरम तुकडा आत्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो मोडला, आधी वास घेतला, मग खाल्ला आणि म्हणाल्या, "हळद आणि हिरवी मिरची राहिली, बाकी आपलंच आहे." माल्टात पास्तित्सी घ्या, पापुद्र्याच्या करंजीत वाटाण्याचं सारण असतं. काही ठिकाणी कणकेत डुकराची चरबी वापरतात, विचारून घ्या.

व्हॅलेटात जहाज शिरतं ती सकाळ चुकवू नका. दोन्ही बाजूंना पिवळ्या दगडाचे किल्ले आणि मधून जहाज हळूहळू आत सरकतं. सगळ्यांना उठवून डेकवर न्या. धक्क्यापासून थोडं चाललं की ५८ मीटर उंचीची लिफ्ट थेट अपर बराक्का बागेत सोडते. दुपारी बारा आणि चार वाजता खालच्या बुरुजावरून तोफ उडते. आई बाकावर बसल्या, मुलं कठड्याशी उभी राहिली, कोणाला पायपीट झाली नाही.

बार्सिलोनात साग्रादा फामिलिया या चर्चची तिकिटं वेळेनुसार असतात, ती भारतातूनच काढा. ला रांब्ला या रस्त्यावर आणि मेट्रोत खिसेकापूंपासून जपा. पासपोर्ट तिजोरीत ठेवून रंगीत प्रत जवळ बाळगा. काही मार्गांवर जहाज पासपोर्ट स्वतःकडे ठेवून घेतं, तेव्हाही प्रत कामी येते.

उतरायच्या आदल्या रात्री

मोठ्या बॅगा मध्यरात्रीच्या आत दाराबाहेर ठेवायच्या असतात. त्याआधी प्रत्येक खोलीत जाऊन बघा: सकाळचे कपडे, चपला, चष्मा, कवळीची डबी, श्रवणयंत्र आणि सकाळच्या गोळ्या बाहेर राहिल्यात ना. तिजोरी उघडून हात फिरवा. बिल रात्रीच तपासा, सकाळी स्वागतकक्षाशी रांग लागते. चूक असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त होते. जहाजाने पासपोर्ट ठेवले असतील तर ते कुठे आणि किती वाजता परत मिळणार, ते दारावरच्या कागदावर मोठ्या अक्षरात लिहा.

परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं घेऊ नका. व्हीलचेअरने उतरणाऱ्यांना वेगळी वेळ देतात, ती मागून घ्या. आम्ही तर बार्सिलोनात आणखी एक रात्र राहिलो. नणंदेचं विमान दुसऱ्या दिवशी सकाळी होतं आणि आमचं रात्री. तिला निरोप द्यायला आई हॉटेलच्या दारापर्यंत काठी न घेता चालत आल्या.